ड्राय बाल्कनीतलं आकाश

अपूर्वाला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. जिना बंद, ऑफिस बंद, ओट्याशी उभं राहणं बंद. हे सगळं तिने मुकाट ऐकून घेतलं. रडू आलं ते एकाच गोष्टीचं. डिसेंबरातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव यंदा चुकणार होता. कॉलेजात असल्यापासून दर वर्षी त्या रात्री ती एका आकाशनिरीक्षण मंडळासाठी उल्का मोजायची. अकरा वर्षांत खंड पडला नव्हता.

"मी मोजतो ना," तिचा नवरा आमोद म्हणाला. हा मूळचा वाशिमचा, नोकरी हिंजवडीत. आकाशातला चंद्र सोडला तर बाकी कशाशी त्याची ओळख नव्हती.

"एकट्याने नाही जमत. एकाने वर बघायचं, दुसऱ्याने लिहायचं."

दुसरा माणूस घरात होता. अपूर्वाचे वडील गोपाळकृष्ण बोडस, गणिताचे निवृत्त शिक्षक. तिची आई भाचीच्या लग्नाला नाशिकला गेली होती आणि 'चार दिवस माझ्याऐवजी' म्हणून त्यांना खडकीला, लेकीच्या फ्लॅटवर सोडून गेली होती. अपूर्वाच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरे-जावई पाच मिनिटंही एकटे बसले नव्हते. पहिल्या भेटीत आमोद फोनवर कुणाला तरी वऱ्हाडी ढंगात "येऊन राहिलो" म्हणाला, तेव्हा "येताय की राहताय, एक काय ते ठरवा," असं मास्तर म्हणाले होते. तेव्हापासून तो त्यांच्यासमोर जेवढ्यास तेवढं बोलायचा.

रात्री एक वाजता दोघं गच्चीवर गेले. सासऱ्यांच्या डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल. जावयाच्या हातात वही, खिशात चालू फोन. खाली पलंगावर अपूर्वा कान देऊन पडलेली.

"गेली!" मास्तर ओरडले.

"कुठून कुठे?" खिशातून आवाज आला.

"टाकीच्या वरून त्या नारळाकडे."

"बाबा, दिशा सांगा, दिशा!"

"वायव्य. आणि तू ओरडू नकोस, तुला आराम सांगितलाय."

अर्ध्या तासात चौदा झाल्या. मग एक अशी आली की गच्चीवर क्षणभर दोघांच्या सावल्या पडल्या. दोघं एकदमच "अरे!" म्हणाले आणि गप्प झाले.

"काय झालं? पडलं का कुणी?" अपूर्वा विचारत राहिली.

"हिरवी होती," आमोद हळूच म्हणाला.

"पांढरी."

"हिरवी होती, बाबा. तो पट्टा बघा ना, अजून दिसून राहिला."

मास्तरांनी त्याला दुरुस्त केलं नाही. मान वर करून ते तो विरत जाणारा पट्टा बघत होते.

"लिहा मग," फोनवर अपूर्वा म्हणाली. आवाज ओला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जिना तर चढायचा नाही," मास्तर म्हणाले. "घरातून कुठून दिसतं आकाश?"

आमोदने विचार केला. बेडरूमसमोर शेजारची इमारत, हॉलसमोर रस्त्यावरचा दिवा. "ड्राय बाल्कनीतून दिसेल. पुढे नुसती लष्कराची झाडी आहे. पण तिथे वॉशिंग मशीन आहे. ते काढलं तर गादी मावेल."

"मग काढू."

नळी सुटली तसं पाणी दोघांच्या पायांवर आलं. मशीन ओढताना फरशीवर असा काही आवाज झाला की दोन मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या कांताबाई दारात उभ्या होत्या.

"रात्री दोनला धुणं? बरं चाललंय ना सगळं?"

"मुलीला उल्का दाखवायच्यात," मास्तर म्हणाले.

कांताबाईंनी त्यांची टोपी पाहिली, भिजलेला पायजमा पाहिला. "मग फरशी कशाला खरवडताय? खाली पोतं घाला, अलगद सरकतं." त्या गेल्या आणि पोतं घेऊन परत आल्या. मशीन ओट्यापर्यंत जाईतो बाल्कनीच्या दाराला पाठ लावून थांबल्याही.

अपूर्वाला बाथरूमपर्यंत चालायची मुभा होती. बाल्कनी तिथून दोन पावलांवर. डोकं बाल्कनीत, पाय स्वयंपाकघरात अशी ती आडवी झाली. ग्रिलच्या गजांमधून आकाशाचा एक तुकडा दिसत होता. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग गजांच्या मधून एक बारीक रेघ झरकन उतरली.

"दिसली!"

"दिशा?" मास्तरांनी विचारलं.

"काय माहीत, बाबा," ती म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

आणखी तीन दिसल्या आणि तिला तिथेच झोप लागली. उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. कांताबाई केव्हाच खाली गेल्या होत्या. आमोद मशीनला टेकून जमिनीवर बसला, मास्तर स्टुलावर.

"वाशिमला चांगलं दिसत असेल आकाश," ते हळू आवाजात म्हणाले.

"दिसते ना. उन्हाळाभर गच्चीवर झोपायचो आम्ही. पण मी काही बघितलं नाही कधी. पडलो की डोळा लागायचा." मग तो आपणहून सांगत गेला. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं, गाद्या टाकायच्या, कडेच्या जागेसाठी भावंडांची भांडणं व्हायची. मास्तर पुढे वाकून ऐकत होते.

तो थांबला तेव्हा त्यांनी अंगावरची शाल काढून लेकीच्या पायांवर घातली.

"मे महिन्यात न्या मला तिकडे," ते म्हणाले. "कडेची जागा मला."