त्याच्या ‘आमेन’ची जागा

मंगळवार, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. दोन खोल्यांच्या घरातलं स्वयंपाकघर. इथे तीन वर्षं मुका असलेला एक माणूस बोलला. ऐकणारी तिघं: त्याची आई, त्याची बायको आणि मी. मी त्यांचं लाकडी स्टूल.

सुताराने मला खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांतून ठोकलं. एक पाय आखूड राहिला. वरचे डबे काढायला माझा उपयोग. एरवी मी डुगडुगतो म्हणून कोपऱ्यात पडून.

मग कारखान्यात ते झालं. हा गडी कापड वाळवायच्या खोलीत अडकला. खोली कसली, भट्टीच ती. जिवंत बाहेर काढला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “येईलही, नाहीही.” कारखान्याने एका दुपारीत चौकशी उरकली: कामगार स्वतःच्या निष्काळजीपणाने आत रेंगाळला. रेंगाळला! जणू बागेत फिरायला गेला होता. ज्याला विचारायचं त्याला बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून त्याची बायको रोज पहाटे गुडघे टेकून, कोपरं माझ्यावर ठेवून मागू लागली. “प्रभू, यांना वाचा दे. येशूच्या नावाने मागते.” एवढं म्हणायची आणि थांबायची. घरच्या प्रार्थनेचं शेवटचं ‘आमेन’ पूर्वी तोच म्हणायचा, शेजाऱ्यांची झोप उडेल असं. ती त्याची जागा मोकळी ठेवायची. मग बऱ्याच वेळाने स्वतःच हळू ‘आमेन’ म्हणून उठायची. तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

सासूबाई वैतागल्या. “अगं, देवाला काय कमी ऐकू येतं?”

“देवासाठी नाही थांबत, आई. यांच्यासाठी थांबते.”

“आणि दुधाचं काय?”

“ते तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पुटपुटत शेगडीपाशी उभ्या राहू लागल्या.

मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भले गृहस्थ. चहा घेताना म्हणाले, “ताई, कधी कधी देवाचं उत्तर ‘नाही’ असं असतं. स्वीकारायला शिकावं.”

“त्याने नाही म्हटलं की बघेन. अजून तो काही बोललेला नाही. तुम्ही कशाला त्याच्या वतीने बोलता?”

पाळकांचं बिस्किट कपात पडलं. मला बरं वाटलं. स्वीकारायचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच का करतात? कारखान्याच्या साहेबांना कुणी केल्याचं ऐकलं नाही.

हट्टाने माणूस कडवट होतो, असं मला वाटायचं. ही तर उठताना गुणगुणायची. त्याची दाढी करताना त्याला हसवायची. तोही हळूहळू दारापाशी येऊन बसू लागला. ती थांबली की त्याचे ओठ हलायचे.

त्या मंगळवारी ती अशीच थांबली. सासूबाईंनी शेगडी बारीक केली. दारातून आवाज आला, फाटका, घोगरा: “आ... मेन.”

सासूबाईंच्या हातातली सांडशी पडली. “मेल्या, एवढा उशीर?” म्हणाल्या आणि हसता हसता रडू लागल्या. बायकोने मान वर केली नाही. माझी फळी मात्र ओली झाली.

तो माझ्यावर येऊन बसला. मी डुगडुगलो, त्याने भिंत धरली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, “मी... रेंगाळलो नाही.”

“मला माहीत आहे हो.”

“दार ढकललं. बाहेरून... कडी.”

हल्ली घरात ‘आमेन’ पुन्हा दणक्यात होतं. मी आता कोपऱ्यात नसतो, आणि मला कुणी नवीन रंग देऊन तिच्या कोपरांच्या खुणा बुजवू नये एवढंच माझं मागणं. ती अजूनही गुडघे टेकते. मग साडी झटकून कारखान्याच्या फाटकावर जाते आणि एकच प्रश्न विचारते. साहेब मीटिंगमध्ये असतात.

वाळवणखोलीची कडी आतून उघडत नाही. आत माणूस असताना ती कोणी लावली, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.