डांबर संपतं तिथून पुढे

‘एका दिवसापुरती तर हवीय,’ असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्यानं माझं आयुष्य वाया घालवलं. तो कोण होता, मला आजही ठाऊक नाही. वरच्या मजल्यावरचा असेल, तळमजल्यावरचा असेल. अशी वाक्यं बोलणारी माणसं गर्दीत मागे उभी असतात आणि काम झालं की घरी जाऊन निवांत जेवतात.

मी एक गाडी बोलतेय. इंजिनाची नव्हे. जीपच्या मागे हुकाला अडकवायची, दोन चाकांची, पाठीवर तंबू दुमडून ठेवलेली छोटीशी गाडी. मुलुंडच्या एका जुन्या इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी असते. नुसतं उभं राहूनही थकायला होतं, हे चालणाऱ्यांना पटत नाही.

मला चंद्रप्रकाशनं बनवलं. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. वडील गिरणीच्या संपानंतर गावी गेले ते तिकडेच राहिले. इथे दोन खोल्यांत आई सुगंधाबाई, दोन धाकटे भाऊ, चंद्रप्रकाश आणि त्याची नवी बायको अनुपमा. या दोघांना भांडायचं झालं तरी गच्चीवर जावं लागे, आणि गच्चीवर कुणाचे तरी पापड राखत कुणीतरी बसलेलंच असे.

अनुपमाच्या डोक्यात एक वाट होती. माळशेज घाट ओलांडल्यावर एका ठिकाणी डांबर संपतं आणि तिथून पुढे बैलगाडीची वाट एका तळ्याकडे उतरते. कॉलेजच्या सहलीत तिनं ती पाहिली होती. बस तिथूनच परत फिरली.

‘तिथे जाऊन राहायचं,’ ती म्हणाली. ‘हॉटेल नको, नातेवाईक नको. आपण दोघं.’

‘झोपायचं कुठे?’

‘ते तू बघ ना. इंजिनिअर कोण आहे?’

त्या एका प्रश्नातून माझा जन्म झाला.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून माझा आस आणि चाकं आली. एका मोडीत निघालेल्या जीपची. लोखंडी अँगलचा सांगाडा चंद्रप्रकाशनं आवारातच जोडून घेतला. माझ्या कुशी मालाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या आहेत. त्यातल्या एकीवर ‘ही बाजू वर’ दाखवणारा बाण अजून आहे, फक्त तो खाली बघतो. झाकण उघडलं की आतून ताडपत्रीचा तंबू उभा राहतो. त्याच्या खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड अनुपमानं स्वतः मशीनवर शिवलं. मागच्या कप्प्यात वातीचा स्टोव्ह, दोन ताटं, दोन पेले. सगळं दोन. तिनं मुद्दाम तिसरं काही ठेवू दिलं नाही.

पण माझा खरा जीव माझ्या कमानींत, चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत होता. खडकाळ वाटेवर आत झोपलेल्याचं अंग मोडू नये म्हणून चंद्रप्रकाशनं त्या पुन्हापुन्हा काढल्या, पुन्हापुन्हा बसवल्या. शेवटी एका रविवारी त्याचा मित्र सहदेव जीप घेऊन आला. मला हुकाला लावलं, माझ्या झाकणावर अंड्यांचा ट्रे ठेवला आणि फाटकासमोरच्या खड्ड्यांतून मला पळवलं. सगळी इमारत गॅलरीत.

एकही अंडं फुटलं नाही.

‘झकास!’ चंद्रप्रकाश ओरडला. ‘बघा, आमलेट नाही झालं!’

अख्ख्या इमारतीला तो हे सांगत सुटला. मी सांगते, तिथेच घात झाला. आपल्या हातच्या वस्तूचं कौतुक ऐकताना माणसाचं भान सुटतं.

सहदेवला दिवाळीनंतर मस्कतला नोकरी लागणार होती. त्याआधी जीप विकायची. म्हणून ठरलं, गणपती झाले की लगेच निघायचं. पाऊस ओसरून ती वाट सुकली असती, तळं भरलेलं असतं.

आणि विसर्जनाच्या दिवशी मंडळाच्या हातगाडीचं चाक निखळलं. मंडळाचे सेक्रेटरी काशीराम डोक्याला हात लावून बसले. तेव्हा गर्दीतून ते ‘एका दिवसापुरती’चं वाक्य आलं. मागून आणखी कुणी म्हणालं, ‘अंडं फुटलं नाही, देवाला काय धक्का लागतोय!’

चंद्रप्रकाशनं अनुपमाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘घ्या की. आपलीच आहे.’

अंडी ठेवली होती म्हणून सुगंधाबाईंनी माझं झाकण गोमूत्र शिंपडून धुतलं. मला हळदकुंकू लागलं, हुकावर नारळ फुटला. मूर्ती माझ्या पाठीवर बसली आणि मी सहदेवच्या जीपमागून खाडीपर्यंत अशी गेले की देवाच्या हातातला मोदकही हलला नाही. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. परत येताना, रिवाजाप्रमाणे, खाडीवरची मूठभर माती माझ्याच झाकणावर ठेवून आणली. आवारात तिची आरती झाली. मातीची आणि माझीही.

पुढच्या आठवड्यात अनुपमानं चादरी आणून आत घातल्या. सुगंधाबाईंनी त्या बाहेर काढल्या.

‘ह्यां काय चल्लाहा? देव बसलेल्या पाटार कोण निजता काय?’

‘आई, हा पाट नाही, गाडी आहे.’

‘देव बसलो, माती इली, म्हणजे पाटच.’

‘मग निघायच्या आधी उत्तरपूजा कशाला केली?’ अनुपमानं विचारलं. ‘उत्तरपूजा झाली की मूर्तीतून देव गेला, असं तुम्हीच सांगता ना? माझ्या गाडीत मग कोण राहिलं?’

‘देव गेलो. पाट ऱ्हवलो मा? विसर्जन झाला म्हणून तू घरच्या पाटार पाय पसरशील?’

अनुपमानं नवऱ्याकडे पाहिलं. हाच चंद्रप्रकाश इमारतीच्या सभेत उठून अंधश्रद्धेवर बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे. तो माझं चाक तपासू लागला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

‘बघू ना,’ तो म्हणाला. ‘आईचा राग शांत होऊ दे.’

‘सहदेवची जीप थांबणारेय का?’

‘अगं, बघू म्हटलं ना!’

राग शांत होईपर्यंत दिवाळी आली. सहदेव गेला. जीप कुणीतरी गुजरातला नेली.

पुढच्या गणपतीला काशीरामांनी विचारलंच नाही. सरळ दोर आणून मला बांधलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. जीप नाही म्हणून पोरं मला हातांनी ओढतात. वर्षातून एकदा खाडी, आणि मग टाकीशेजारी. जाताना डांबर, येताना डांबर. बाकीचे महिने माझ्या झाकणावर सुगंधाबाई आमसुलं वाळवतात. सुकी मासळी नाही हो, ती गच्चीवर. जागा पवित्र आहे ना!

माणसांचं मला हे कळत नाही. मोडकी वस्तू भंगारात देतात, ते समजतं. पण चांगल्या वस्तूला नमस्कार करून बाजूला ठेवतात, म्हणजे काय? माझ्या कमानी खड्डे मागतात. माझ्या चाकांच्या खाचांत चिखल भरायचा होता. तिथे हळद भरली आहे.

गेल्या मे महिन्यातली दुपार. वीज गेलेली, घरात पंखा बंद. अनुपमा खाली आली. आमसुलांची ताटं एकेक उचलून तिनं टाकीच्या कट्ट्यावर ठेवली, माझं झाकण उघडलं आणि तंबू उभा केला. ताडपत्रीला कुबट वास येत होता. मच्छरदाणी एका कोपऱ्यात कुरतडलेली होती. चपला बाहेर काढून ती आत गेली आणि आडवी झाली. इतक्या वर्षांत माझ्यात झोपलेलं पहिलं माणूस.

गॅलरीतून सुगंधाबाईंनी पाहिलं. गुडघे धरत त्या जिना उतरल्या. आता तिला बाहेर काढणार, असं मला वाटलं. त्या मच्छरदाणीपाशी वाकल्या.

‘दक्षिणेक पाय करून निजू नको गो. उलटी नीज.’

अनुपमा कोपरावर उठली.

‘आई, हे तेव्हा का नाही म्हणालात?’

सुगंधाबाई कट्ट्यावर बसल्या. एक आमसूल उचलून त्यांनी उगाच उलटं केलं. ‘तेवा चंद्रप्रकाश एक शब्द बोललो असतो,’ त्या म्हणाल्या, ‘तर माझा काय चलला असता?’

अनुपमा उलटी झाली. डोळे उघडेच होते. वर ताडपत्रीच्या एका भोकातून उन्हाचा ठिपका तिच्या हातावर पडला होता.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाकडे जीप असेल तर मुलुंडला या. हुक गंजला आहे, पण धरेल. दोन ताटं आहेत, दोन पेले आहेत. चंद्रप्रकाशला मी समजावू शकत नाही, पण समोर जीप उभी राहिली तर कदाचित तो ‘बघू’ म्हणणार नाही. नाही आलात तरी मी इथेच असेन. रागावण्याइतकी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

त्या दुपारी अनुपमा अजून आतच होती, तेवढ्यात फाटकातून भाजीची पिशवी घेऊन काशीराम आले. उघडा तंबू बघून थबकले, मग हसले.

‘काय वहिनी, आत्तापासून साफसफाई? गणपती अजून लांब आहेत.’