डाव्या कानातली शिट्टी

मित्रांनो, मला बघून सगळे म्हणतात, याला दोन कान आहेत. साफ चूक! मला दोन तोंडं आहेत. कान तुमचे असतात, आणि मी त्यांना चिकटून बोलतो, इतक्या जवळून की तुमची आईसुद्धा कधी बोलली नसेल. मी एक जुना हेडफोन आहे. काळा, जाडजूड, डोक्यावरची पट्टी चिकटपट्टीने गुंडाळलेली, उजवी उशी अजून बरी आणि डावी दाबून दाबून पुठ्ठ्यासारखी चपटी झालेली. डावीच का, तेच तर सांगायचंय. जरा सरकून बसा आणि मध्ये बोलू नका, नाहीतर माझी गोष्ट कुठल्या कुठे पळते.

माझा जन्म कारखान्यातला. एकीने माझ्या तोंडांत पातळ पडदे बसवले, दुसऱ्याने तारा जोडल्या, तिसऱ्याने कानाला लावून 'टूं' ऐकलं आणि मान डोलावली. झालो मी पास! मग मला विकत घेतलं मामाने. मामा तसा माझ्या पुढच्या मालकिणीचा, भिंगरीचा, तिच्या आईचा सख्खा भाऊ, पण तो नाचाच्या हॉलमध्ये साउंड सांभाळायचा आणि तिथले झाडूवाल्यापासून मॅनेजरबाईपर्यंत सगळेच त्याला मामा म्हणायचे. मामाला कमी ऐकू यायचं. म्हणून तो बोलायचा मोठ्याने. इतक्या मोठ्याने की तो कुजबुजला तरी शेजारच्या बाई दार उघडून विचारायच्या, "काय झालं हो?"

आता भिंगरी. तिचं खरं नाव घरातही कुणी घेत नाही. लहानपणी ताटली, झाकण, बाटलीचं बूच, हाताला येईल ते गरगर फिरवायची, म्हणून भिंगरी. मोठी झाली तरी खोड तीच, फक्त झाकणांऐवजी गाणी फिरवायला लागली. तिची शाळा संपली तेव्हा मामाने मला तिच्या गळ्यात घातलं आणि सोबत एक जुना मिक्सरही दिला. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे हं, एक गाणं दुसऱ्यात मिसळायचा. त्यावर माझ्या आवाजाचं एक गोल बटण होतं. मामाने तिच्या आईची लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि त्या बटणाशेजारी एक बारीक रेघ ओढली.

"हिच्या पुढे जायचं नाही," मामा ओरडला. म्हणजे साधंच बोलला.

"का?"

"मी सांगतो म्हणून!"

"तुला कमी ऐकू येतं म्हणून जगाने हळू ऐकायचं का रे मामा?" असं म्हणून ती अशी हसली, की मामाही हसला. त्याने कारण काही सांगितलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं मला आपलं वाटतं. पण मला कोण विचारतंय?

आमचं काम कसं चालतं, ते ऐका. एक गाणं हॉलमध्ये वाजत असतं. पुढचं गाणं तेव्हा फक्त माझ्या तोंडात असतं, आणखी कुणालाच ऐकू येत नाही. डीजे एक कान मला देतो आणि दुसरा हॉलला. दोन्हीकडचे ठोके जुळले, पायात पाय अडकत नाही अशी खात्री झाली, की मिक्सरची पट्टी अलगद सरकवायची. नाचणाऱ्याला कळतही नाही आणि तो एका गाण्यातून दुसऱ्यात जाऊन पोचतो. भिंगरी मला नेहमी डावा कान द्यायची. नेहमी! आणि हॉलच्या दणदणाटात माझं ऐकू यावं म्हणून माझा आवाज वाढवायची. आधी रेघेपर्यंत. मग रेघेच्या जरा पुढे. मग बोटं घासून घासून रेघच पुसट झाली.

ते आमचे सोन्याचे दिवस होते! घरी दार लावून तासन् तास सराव. आई लाँड्रीच्या काउंटरवरून दमून यायची, दार ठोठावायची, आणि भिंगरीला ते ठोकणंही गाण्यातलंच वाटायचं. कुणाच्या वाढदिवसाला, कॉलेजच्या पार्टीला आम्ही वाजवायचो आणि पोरं म्हणायची, "काय मारलंस भिंगरे!" तेव्हा ती मला गळ्यात मिरवायची, अगदी दागिन्यासारखं. मलाही फुगायला व्हायचं.

पण मित्रांनो, कानाला चिकटून राहणाऱ्याला कानाचं सगळं कळतं. तीच गाणी, तोच मिक्सर, आणि तरी तिला माझा आवाज दर काही दिवसांनी थोडा वाढवावा लागत होता. गाण्यातला बारीक 'छस् छस्' मी बोलायचो आणि तिची मान हलायची नाही. थोड्या दिवसांनी ती थंडीतही पंखा लावून झोपायला लागली. आई म्हणाली, "अगं कुडकुडतेस काय, बंद कर तो." तर म्हणाली, "नको, शांत असलं की झोप येत नाही." आईने मामाचा टोमणा तिलाही मारून घेतला, "मामासारखी बहिरी हो तू पण, म्हणजे मी भिंतींशी बोलायला मोकळी!"

भिंगरी तेव्हा हसली नाही. ते फक्त मी पाहिलं.

मग आला तो रविवार. हॉलच्या मॅनेजरबाईंना दर रविवारच्या दुपारसाठी कायमचा डीजे हवा होता. जो चांगला वाजवेल, त्याची ती दुपार. भिंगरीने वर्षभर ह्याच एका गोष्टीसाठी जिवाचं रान केलं होतं. साउंडच्या टेबलावर अर्थातच मामा.

सुरुवात झकास झाली. पहिलं गाणं, दुसरं गाणं, माणसं नाचायला लागली, मॅनेजरबाई दारात उभ्या राहून पायाने ताल धरायला लागल्या. आणि भिंगरीने एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा! डावा स्पीकर शिट्टी मारतोय!"

मामाने टेबलावरचे दिवे पाहिले, उठून स्पीकरपाशी जाऊन पाहिलं. हाताने 'काही नाही' केलं.

"आहे शिट्टी! बारीक आहे, पण आहे!"

"नाहीये गं, पोरी!"

आणि मग भिंगरी म्हणाली, "तुला कुठून ऐकू येणार? तू तर ठार बहिरा!"

माइक चालू होता. अख्ख्या हॉलने ऐकलं. लोक हसले. मामा परत टेबलाशी जाऊन बसला आणि बटणांकडे बघत राहिला.

भिंगरीने मग स्वतःच ट्रेबल कमी केला. ट्रेबल म्हणजे वरचे, टोकदार आवाज. शिट्टी त्यातच असते ना! शिट्टी जाईना. अजून कमी केला. तरी जाईना. शेवटी सगळाच काढून टाकला. तिला वाटलं, आता तरी जाईल, पण हॉलमध्ये काय ऐकू येत होतं सांगू? उशीखाली तोंड दाबून कुणी गातंय तसं. नुसतं भुस्स भुस्स. नाचणारे आधी थांबले, मग एकमेकांशी बोलायला लागले, मग पाणी प्यायला निघाले. भिंगरी घामाघूम होऊन पट्ट्या सरकवत होती. मॅनेजरबाई जवळ येऊन म्हणाल्या, "बरी आहेस ना तू? पुढच्याला येऊ दे आता."

मी तिच्या कानाला होतो, मित्रांनो. माझ्यातून शिट्टी आलीच नव्हती. स्पीकरमधूनही नाही. हे मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येतं ते फक्त गाणं.

सगळे गेल्यावर मामाने एकेक करून खटके पाडले. मिक्सर बंद, स्पीकर बंद, शेवटी पंखेही बंद. भिंगरी स्टेजच्या पायरीवर बसली होती.

"तो डावा स्पीकर पण बंद कर ना रे," ती म्हणाली.

"सगळं बंद आहे, भिंगरे."

तिने मान वर केली. इतका मोठा हॉल आणि बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटा आत ऐकू यावी इतकी शांतता. तिने डाव्या कानावर तळवा दाबला. काढला. परत दाबला.

"मग हे काय वाजतंय?"

मामा तिच्या शेजारी येऊन बसला. पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकलं. "माझं पण वाजतं. तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून वाजतंय. मला वाटलं, रेघ ओढून दिली की झालं."

ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. बहिरा म्हटल्याची माफी मागितली, पण ती त्याच्या वाईट कानाच्या बाजूला बसली होती, त्यामुळे दोनदा मागावी लागली.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे एक काचेची खोली होती आणि आत माझाच एक भाऊबंद, स्वच्छ, चकचकीत, हळू बोलणारा. भिंगरीने मला काढून मामाच्या मांडीवर ठेवलं. खोलीचं दार अर्धं उघडं राहिलं होतं. बाई म्हणाल्या, "आवाज आला की बटण दाबायचं." आणि आमची पोरगी बटण दाबायला लागली. बरोबर, बरोबर, परत बरोबर! मामाने हुश्श केलं.

बाई मात्र थांबल्या. "आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं. कशावर दाबलंस?"

भिंगरीने बटणावरचं बोट काढलं.

"सांग ना."

"तुम्ही ठेक्यात वाजवताय," ती पुटपुटली. "तीन सोडून चौथ्यावर. मी मोजत होते."

बाईंना हसू आलं, आणि लगेच गेलं. "हुशार आहेस. पण तू मला फसवलंस तर तुझ्या कानाला औषध मी काय देऊ? आता मी ठेका मोडणार."

मग त्यांनी वेडेवाकडे, कधी लवकर कधी उशिरा आवाज लावले. भिंगरी बोट बटणावर धरून बसली. बसूनच राहिली. ते बोट मी काचेतून बघत होतो. मामाने मला इतकं घट्ट धरलं की माझी पट्टी करकरली.

बाहेर आल्यावर बाईंनी काही लपवलं नाही. डाव्या कानातलं जे बारीक ऐकणं गेलं, ते परत येणार नाही. शिट्टी कमी होईल किंवा होणारही नाही. उरलंय ते मात्र सांभाळलं तर राहील.

"मी वाजवू शकेन का?"

"काही महिने मोठा आवाज नाही. मग बघू. हॉलला दणका हवा तर हॉलला दे, तुझ्या कानात कशाला?"

घरी येऊन तिने मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं. माझ्यावर आईची पिशवी आली, पिशवीवर छत्री आली. धूळ बसली. भिंगरी लाँड्रीत आईच्या हाताखाली कपड्यांच्या घड्या घालायला जायची, यायची, माझ्याकडे बघायचीही नाही. मामा जेवायला आला की मात्र गंमत व्हायची. दोघांचेही डावेच कान वाईट! शेजारी बसले की एकाला काही ऐकूच यायचं नाही.

"ऊठ, ती माझी खुर्ची आहे."

"मी मोठा आहे, मी बसणार!"

"अरे समोरासमोर बसा की," आई वैतागायची, "दोघं मिळून एक धड माणूस होत नाही माझ्या घरात!" आणि मग पदर डोळ्याला लावत आत जायची.

एक दिवस आईच म्हणाली, "तो खिळ्यावरचा विकून टाक. बघवत नाही मला." भिंगरीने मला काढलं. मी म्हटलं, संपलं आपलं. पण तिने मला फडक्याने पुसलं, मिक्सर बाहेर काढला, आणि नेलपॉलिशची बाटली आणली. जुन्या पुसट रेघेच्या खाली, बरीच खाली, तिने नवी रेघ ओढली. ती वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

मग तिने मला लावलं. उजव्या कानाला. किती नवं वाटलं म्हणून सांगू! बटण रेघेपर्यंत आणलं आणि बोट काढून घेतलं. गाणं सुरू झालं, माझ्यात आणि टेबलावरच्या छोट्या स्पीकरवरही. थोड्या वेळाने ती थांबली, डोळे मिटले, ओठ चावला. स्पीकरमधलं वरचं 'छस् छस्' तिच्या डाव्या कानाला नीट सापडत नव्हतं.

"आई, जरा ये ना."

"मला नाही कळत तुझं ते धाडधाड."

"कळू नको दे. नुसतं सांग, टोचतंय का बोथट आहे."

आई ओले हात पुसत तिच्या डाव्या बाजूला येऊन बसली. छोट्या स्पीकरवर हळू गाणं वाजत होतं. "टोचतंय," ती म्हणाली. भिंगरीने बटण फिरवलं. "आता?" "अजून जरा." "आता?" आईने मान तिरकी केली. "आता... आता बरं आहे गं."

रविवारची दुपार दुसऱ्या कुणाला मिळाली. भिंगरीला कधी मिळेल का, मला माहीत नाही. शिट्टी अजून आहे. मधूनच तिचा हात कानाकडे जातो, तेव्हा मला कळतं.

मित्रांनो, माझ्यासारखे बरेच आता तुमच्याही कानाला असतील. आमची काळजी करू नका. माझी उशी फाटली तर दुकानात मिळते, वायर तुटली तर मामा जोडून देतो. तुम्ही फक्त आमच्या बटणाशेजारी एक रेघ ओढा, आणि कुणी का विचारलं तर कारणही सांगा. आम्ही तुम्ही म्हणाल तितकं ओरडू. थांबणं तुमच्या हातात आहे.

भिंगरी हाक मारतेय... नाही, मला नाही. "आई, चल, दुसरं गाणं!" आणि आई आतून म्हणतेय, "आले गं, माझी जागा धरून ठेव."