लढतीचा आठवडा

त्या घरात लढतीचा आठवडा आला की माणसं दबक्या पावलांनी चालायची. नियम म्हातारीनेच घातला होता. आठ दिवस वाघाला कुणी उलट बोलायचं नाही आणि त्याने काही केलं तर मनावर घ्यायचं नाही. वाघ म्हणजे तिचा थोरला, बॉक्सर. नाव गल्लीने ठेवलं आणि म्हातारीने मिरवलं. धाकटा त्याचा प्रशिक्षक. "आई, त्याचा राग उतरू देऊ नकोस, रागात ठोसा जड बसतो त्याचा," असं तो बजावायचा. मग सगळं घर तो राग जपायचं, चुलीवरच्या दुधासारखा. उतू गेला की सोसायचं सुनेने. अशा वेळी शेजारीण आपल्या टीव्हीचा आवाज वाढवायची.

लढतीला चार दिवस उरले होते. म्हातारी सकाळपासून हाताला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत होती, पुन्हा उलगडत होती. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काल संध्याकाळी सून फोनवर मोठ्याने हसली, एवढंच निमित्त वाघाला पुरलं होतं.

"कानात अजून शिट्टी वाजतेय, आई," सून सकाळी म्हणाली होती.

"चारच दिवस गं. घे सांभाळून."

सून स्वयंपाकघरात भाजी चिरायला गेली. थोड्या वेळाने आतून सात वर्षांच्या नातीचा आवाज आला.

"आई, तू चुकतेस. बाबा आधी डाव्या हाताने मारतात. हनुवटी खाली घे. उजवा हात गालावर. कोपर आत! काका असंच शिकवतात."

म्हातारीने डोकावून पाहिलं. सुनेने सुरी बाजूला ठेवली होती आणि ती खरोखरच हात गालावर धरून पाहत होती. पट्टी म्हातारीच्या हातातून सुटून दारापर्यंत घरंगळत गेली. तिचा स्वतःचा डावा कान गेली तीस वर्षं बंद होता. ती सगळ्यांना तापाने गेला म्हणून सांगायची. तो नवऱ्याने घालवला होता.

"आई, पट्ट्या," सरावाला निघालेला वाघ दोन्ही हात पुढे करून समोर येऊन बसला. मागे धाकटा घड्याळ बघत उभा होता.

"फेरी संपल्याची घंटा वाजल्यावर कधी मारलंस का रे समोरच्याला?" तिने विचारलं.

"वेड लागलंय का? बाद करतील."

"कितीही चिडलेला असलास तरी?"

"तरी नाही. हात थांबतोच."

"मग घरात का थांबत नाही?"

"आई, आत्ता हे नको," धाकटा पुढे झाला.

"तू गप. आगीत तेल तूच ओततोस, आणि मी तुला बाटली आणून देते."

वाघाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला, मूठ वळली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या त्याच्या लेकीने क्षणात हनुवटी खाली घेतली. उजवा हात गालावर, कोपर आत. अगदी बिनचूक.

मूठ तशीच राहिली. "हिला हे कुणी शिकवलं?"

"तू. आणि मी," म्हातारी म्हणाली. तिला रडू कोसळलं, पण ती थांबली नाही. तिने पट्ट्या खाली टाकल्या आणि चपला चढवल्या.

"चल गं, डॉक्टरकडे. पोरीलाही घे. आणि पडले म्हणून सांगायचं नाही हं. मी ताप म्हणून सांगितलं होतं."

"आई, चार दिवसांवर लढत आहे! बाहेर कळलं तर?" धाकटा ओरडला.

"कळू दे."

वाघ मटकन खाली बसला. त्याचे उघडे हात तसेच मांडीवर पडून होते. सून-नातीला घेऊन म्हातारी बाहेर पडली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

जिन्यात शेजारीण दार किलकिलं करून उभी होती. "काय झालं हो? पडली का सून?"

"माझ्या लेकाने मारलं," म्हातारी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही-आम्ही ऐकत बसलो."

शेजारीण आत वळली आणि तिने टीव्ही बंद केला.