ओळीत न बसलेली आठवी संख्या

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका; संख्येला जन्मतारीख नसते. आठ वेळा तीन आणि शेवटी एक, म्हणजे तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. देवळीच्या एका शाळेच्या भिंतीवर मी आले ती १९९७ साली, आणि आले तीही खोट्या नावाखाली.

मला सात बहिणी आहेत. ३१, ३३१, ३३३१, अशा एकेक तीन वाढत गेलेल्या. सातही जणी मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कुणाचाही भाग न जाणाऱ्या. गणिताचे महादेवराव सर चिकाटीचे. सातव्या बहिणीसाठी तर त्यांनी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या भागाकारात घालवल्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. सरांनी मला सात, अकरा आणि तेराने भागून पाहिलं, पेन्सिल ठेवली आणि खाण तशी माती म्हणून मलाही बहिणींच्या ओळीत भिंतीवर रंगवून टाकलं. वर लिहिलं, 'सर्व मूळ संख्या'. सोयरीक जमवताना घराणं पाहून होकार देतात ना, तसं. पोरीला कुणी विचारलंच नाही.

येणारे-जाणारे माझं कौतुक करत. मला त्या कौतुकाचा राग येई.

सरांच्या निरोप समारंभात ही ओळ पाहुण्यांना समजावून सांगायचं काम नववीतल्या समीक्षाला मिळालं. शाळेत पहिल्यांदाच तिला माइकसमोर उभं राहायचं होतं. तिचे तीसपर्यंतचे पाढे पाठ होते, म्हणून वहीच्या मागच्या पानावर तिने मला सहज सतराने भागलं. बाकी शून्य. तिने तीनदा केलं; तिन्ही वेळा शून्य.

तिने मुख्याध्यापक प्रभाकररावांना सांगितलं, तर ते तिच्यावरच चिडले. निरोपाच्या दिवशी सरांचीच चूक काढायची? गप्प बसवत नसेल तर दुसरी मुलगी बोलेल, आणि फार तर त्या आठव्या संख्येवर चुना फिरवू, असं त्यांनी बजावलं.

चुना! मी काय भिंतीवरचा डाग आहे? सतराला एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीसने गुणलं की मी होते. यात लाज कसली?

समारंभात समीक्षाने सात बहिणींचं नीट सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली.

"सर, या आठव्या संख्येले सतरानं भाग जाते," ती म्हणाली. "मी तीनदा करून पाह्यला. पण तिले पुसू नका."

प्रभाकरराव उठायच्या आत महादेवराव सर उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी खडू घेतला आणि माझ्याखालीच भागाकार मांडला. शून्य आलं तेव्हा त्यांनी त्याभोवती खडूने गोल केला.

"मी तेरापाशीच काऊन थांबलो?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निवृत्त झालेले सर रंगाचा डबा घेऊन शाळेत आले. 'सर्व' हा शब्द त्यांनी खोडला. माझ्याखाली १७ × १९६०७८४३ लिहिलं, आणि शेजारी समीक्षाचं नाव.

आता २००८ चालू आहे. माझा रंग उडाला आहे. नवा द्यायचा तर द्या, नाही तर राहू द्या. पण मित्रांनो, सातजणी खऱ्या निघाल्या म्हणून आठवीला न तपासता ओळीत कोंबू नका. माझ्या शब्दावरही विसंबू नका. पेन्सिल घ्या, मला भागून पाहा, आणि तेरापाशी थांबू नका.