उणे अठरा

रावसाहेब पायगुड्यांनी बाहेरून दार लोटलं आणि कडी पडल्याचा आवाज झाला. दार लोटण्याआधी ते एवढंच म्हणाले होते, "धा मिनटं. जीव घाबरला तर बडव, लगेच उघडतो."

मच्छिंद्र इंगळे ट्रकच्या मागच्या बंद पेटीत, मटारच्या खोक्यांजवळ उभा राहिला. आत उणे अठरा अंश होतं आणि एक मिणमिणता दिवा. नवा ड्रायव्हर ठेवण्याआधी त्याला दहा मिनिटं पेटीत कोंडायचं, ही रावसाहेबांकडची रीत होती. दुसरीकडे लायसन्स बघतात, गाडी चालवून बघतात, फार तर कोणाची ओळख आहे ते विचारतात. रावसाहेबांचं म्हणणं, आपण नेतो तो माल कशात बसून जातो ते आधी अंगाला कळू दे. बायकोच्या, द्वारकाच्या सांगण्यावरून मच्छिंद्रने स्वेटर घातला होता. मे महिन्यात वारज्यात स्वेटर घालून निघालेला माणूस बघून कोपऱ्यावरच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा हसला होता. त्या स्वेटरचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

आधी नाक बधिर झालं, मग कान, मग बोटं. थंडीचं त्याला फार काही वाटलं नाही. बाहेरून लागलेल्या दाराचं वाटलं. तिकडे बघायचंच नाही असं ठरवून तो पूर्ण दहा मिनिटं तिकडेच बघत राहिला.

दार उघडलं तेव्हा रावसाहेब घड्याळाकडे बघत होते. "बडवलं न्हाईस."

"नाही."

"मागल्या हप्त्यातला गडी दोन मिनटांत बोंबलाय लागला. त्याला चहा पाजला नि लावला वाटंला."

मच्छिंद्र मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, मेहकरजवळच्या खेड्यातला. वय सेहेचाळीस. पुण्यात येऊन त्याने सोळा वर्षं एका शाळेची व्हॅन चालवली. यंदा शाळेने स्वतःच्या बस घेतल्या आणि व्हॅनवाल्यांना नारळ दिला. शाळा सुसंस्कृत असल्यामुळे नारळाबरोबर शाल आणि आभाराचं पत्रही दिलं. मच्छिंद्रने ते पत्र कपाटात ठेवलं, अवजड वाहनाचं लायसन्स काढलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी 'नवा ड्रायव्हर' झाला. असा नवा ड्रायव्हर सहसा कोणाला नको असतो. त्याला मात्र दोन ठिकाणांहून बोलावणं होतं, दोन्ही थंड गाड्यांचीच, आणि दोन्हीकडे सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आता धरलेली नोकरी शेवटची, हे त्यालाही ठाऊक होतं आणि द्वारकालाही. निवड चुकली तर पुन्हा नवं व्हायला वय उरणार नव्हतं.

पहिलं ठिकाण चाकण रस्त्यावरचं. हिमगौरी कोल्डचेन. साठ-सत्तर गाड्या, काचेचं ऑफिस, आणि आत इतका एसी की ड्रायव्हर लोकांना सवय व्हावी म्हणूनच लावला असावा. तिथल्या आम्रपाली मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या.

"काका, बेसिकली आपल्याकडे सगळं सिस्टिमवर आहे. गणवेश, विमा, महिन्याला चार सुट्ट्या. आणि डिझेल वाचवलं की बोनस."

"डिझेल कसं वाचवायचं, मॅडम? गाडी तर ठरल्या रस्त्यानंच जाणार."

आम्रपालीने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "ते तुम्हाला सीनियर ड्रायव्हर सांगतील."

सीनियर ड्रायव्हरने बाहेर, पार्किंगमध्येच सांगितलं. पेटी थंड ठेवणारं मशीनही डिझेलच पितं. घाट उतरला की मशीन बंद करायचं, आणि माल उतरवायच्या ठिकाणाअलीकडे तासभर पुन्हा चालू करायचं. दार उघडून तापमान बघणाऱ्याला वरचं खोकं गार लागतं. खालचं कोणी बघत नाही.

"आणि कोणी बघितलंच तर?"

"तर मशीनचा फॉल्ट. लिहून द्यायचं. इथं माणसाला कोणी काढत नाही, दादा. लई मोठी कंपनी आहे."

रावसाहेबांकडे ऑफिस नव्हतं. वारज्याची शेती बिल्डरांनी घेतली तेव्हा हायवेलगतचा एक तुकडा त्यांनी विकला नाही. त्यावर पत्र्याची शेड, शेडखाली चार ट्रक, आणि एका बाजेवर रावसाहेब. प्रत्येक ट्रकच्या पेटीत दाराजवळ एक स्टीलची वाटी होती. वाटीत गोठलेलं पाणी, त्यावर एक रुपयाचं नाणं.

"हे आमचं सिस्टिम," रावसाहेब म्हणाले. "गाडी आली की मी वाटी बघतो. नाणं वर असलं तर माल गार आला. मधी बर्फ वितळला असंल, तर नाणं बुडलेलं असतंय. परत गोठवला तरी नाणं काय वर येत न्हाई."

"आणि बुडालं तर?"

"चावी ठिवायची नि घरला जायचं."

"मशीन आपोआप बंद पडलं तर?"

"कारण आयकत न्हाई मी. कारण आयकाय लागलं की रोज एक नवं येतंय."

हे खरं होतं, कारण बाबुराव तसाच गेला होता. बाबुराव गवई मच्छिंद्रचा गाववाला. रावसाहेबांकडे त्याने अकरा वर्षं काढली. गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी अडकली, मशीन बंद पडलं, आठ तास काही हललं नाही. परत आल्यावर त्याने वाटीकडे बोट दाखवलं, चावी बाजेवर ठेवली आणि निघाला. आता तो पाण्याचा टँकर चालवत होता. आणि तरीही मच्छिंद्रचं नाव रावसाहेबांना त्यानेच सुचवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मच्छिंद्र त्याला भेटला. बाबुराव टँकरचा पाइप गुंडाळत होता.

"बर्फ काय, कोणत्याही रसवंतीवर भेटते," मच्छिंद्र म्हणाला. "नवी वाटी भरून ठेवली असती तर त्याला काय समजलं असतं?"

"काईच नाई समजलं असतं."

"मंग काहून नाई ठेवली?"

बाबुरावने पाइप टँकरवर टाकला. "अकरा साल रस्त्यानं कोनी माह्या मागं पाहाले नाई आलं, गड्या. तेवढ्यासाठी नाई ठेवली." मग म्हणाला, "राग आला मले त्याचा. अजून येते. पन तुले जायचं तर तिथंच जाय."

घरी द्वारका उद्याच्या डब्यांची मेथी निवडत होती. भाड्याच्या दोन खोल्यांतून ती आयटीतल्या पोरांचे तीस डबे करत असे, आणि कोणत्याही प्रश्नाचा निकाल हातातलं काम न थांबवता देत असे. मच्छिंद्रने दोन्ही ठिकाणांची हकिकत सांगितली.

"मोठ्या कंपनीत जा," ती म्हणाली.

"तिथे खोटेपणा चालतो."

"चालू द्या. तुम्ही नका करू. पण माणूस हाय, चूक होतेच. चुकला की हाकलतो तो कसला मालक? तुम्ही का देव हाय, कधी चुकलाच नाई असे?"

ती सहज बोलून गेली. मच्छिंद्र गॅलरीत जाऊन उभा राहिला. चुकला नाही असा तो नव्हता, आणि हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वीचा एप्रिल. शाळेच्या दाराशी मुलं उतरताना तो आरशात बघून मोजत असे. बारा मुलं. त्या दिवशी एक पोरगा पाण्याची बाटली विसरला म्हणून परत चढला आणि पुन्हा उतरला. मच्छिंद्रने त्याला दोनदा मोजलं. हिशेब बारा भरला. शेजारी बांधकामाची धूळ उडत होती म्हणून त्याने काचा वर केल्या, गाडी कुलूप लावून उन्हात उभी केली आणि टपरीवर चहा प्यायला, पेपर वाचायला गेला. चाळीस मिनिटांनी मोबाइल घ्यायला आला तेव्हा मागच्या सीटवर शेफाली बसली होती. वय वर्षं चार. झोपली होती, मग जागी झाली असावी. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. रडत नव्हती. काचेला लावलेले दोन्ही हात तिने त्याला बघूनही खाली घेतले नाहीत.

त्याने तिला नळावर नेलं, तोंड धुतलं, घोट घोट पाणी पाजलं. वर्गाच्या दाराशी बाईंना सांगितलं, वाटेत उलटी झाली, म्हणून उशीर. शेफाली काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे चार वर्षं ती त्याच्याच व्हॅनमधून गेली. दर दिवाळीला तिची आई फराळाचा डबा देऊन म्हणायची, "काका, तुमच्यावर सोडून मी अगदी निर्धास्त असते." तो डबा त्याने कधी घरी आणला नाही. कोपऱ्यावरच्या वॉचमनला देऊन टाकायचा.

त्यानंतर तो मुलं बोट लावून मोजायचा आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायचा. पालक म्हणायचे, असा व्हॅनवाला शोधून सापडायचा नाही. त्यांच्या कौतुकाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोणीतरी एकदा पकडावं असंही वाटायचं आणि कोणी पकडू नये असंही. पैकी दुसरं वाटणं नऊ वर्षं जिंकत आलं.

सोमवारी सकाळी तो रावसाहेबांच्या शेडवर गेला. कारणं न ऐकणारा मालकच आपल्याला हवा, असं त्याने ठरवलं होतं. रावसाहेब खूश झाले. तसं दाखवलं नाही, पण बाजेवर सरकून जागा केली. चावी मधे ठेवली, आणि नव्या माणसाला जे विचारायचं ते विचारलं.

"सोळा वरसं गाडी चालवलीस. हातून गाडीतलं कधी काय खराब झालं का?"

'नाही' म्हणायला अर्धा क्षणही लागला नसता. मच्छिंद्र चावीकडे बघत म्हणाला, "एकदा झालं." आणि सगळं सांगितलं. बाटली, आरसा, काचा, चाळीस मिनिटं, उलटीची थाप. सांगताना आवाज कापला नाही याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

हायवेवरून गाड्या जात राहिल्या. रावसाहेबांनी विचारलं, "पोर बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. आता आठवी-नववीत असेल."

"तिच्या आईबापाला ठावं हाय?"

"नाही. आजवर कोणालाच नाही. घरी पण नाही."

रावसाहेबांनी हात पुढे केला, चावी उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. एकदम म्हातारा दिसत होता.

"बाबुरावाचा काय दोष न्हवता," ते म्हणाले. "मशीन बंद पडलं, त्यात त्यो काय करणार? तरी काढला मी त्याला. अन् आता तुला गाडी दिली तर त्याला तोंड कसं दावू?"

"बरोबर आहे," मच्छिंद्र म्हणाला.

"बरोबर हाय का चूक हाय, ते मला आता कळत न्हाई. पर न्हाई देता येत." ते उठले. "चहा पिऊन जा."

मच्छिंद्रने चहा घेतला. दोघं शेजारी शेजारी बसले होते. रस्त्याला लागल्यावर त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक. कितीतरी वर्षांनी अशी सपाटून भूक लागली होती. त्याने उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आणि मग आम्रपाली मॅडमला फोन लावला.

द्वारकाने विचारलं, रावसाहेबांनी का नाही म्हटलं. त्याने तिलाही सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि तीस डबे करणाऱ्या बाईच्या हातून पोळी करपणं ही लहान गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या पोरीच्या मायले सांगून या."

शेफालीचं कुटुंब दोन वर्षांपूर्वीच बेंगळुरूला गेलं होतं. तिच्या आईचा नंबर त्याच्याकडे होता. फोनवर सांगायला अकरा मिनिटं लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "तिला अजून बंद लिफ्टची भीती वाटते. कशामुळे ते आम्हाला कळत नव्हतं." आणि फोन ठेवला.

आता त्याला हिमगौरीत दीड वर्ष झालंय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ऑफिसमध्ये ड्रायव्हरांची मीटिंग असते. डिझेल कोणी किती वाचवलं याची यादी आम्रपाली मॅडम वरून खाली वाचतात. पहिल्या पाचांना टाळ्या मिळतात. शेवटच्या माणसाने उभं राहायचं, असा नियम आहे. त्याला थोडी लाज वाटावी हा हेतू.

"शेवटचे, मच्छिंद्र इंगळे," मॅडम वाचतात. "काका, अहो, प्रत्येक महिन्याला तुम्हीच? मशीन कधी बंदच करत नाही का तुम्ही?"

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकतो. मच्छिंद्र उठतो, गणवेशाचा शर्ट खाली ओढून नीट करतो.

"नाही, मॅडम," तो म्हणतो, आणि बसा म्हणेपर्यंत उभा राहतो.