वळणावरची टिटवी

मैदानावर चुन्याची फक्की मारणं हे शिपायाचं काम आहे असं आमच्या शाळेत सगळ्यांचं मत आहे. मला मात्र ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला आवडत नाही. फक्कीची गाडी ढकलताना मान जरा वर केली की रेघ वाकडी होते, आणि वाकडी रेघ मला सहन होत नाही. वाकडं बोलणं चालतं. ते आमच्या घरात रोजचंच आहे.

घरात म्हणजे मी, माझा नवरा आणि वरच्या मजल्यावर त्याची मोठी बहीण. मी शाळेत खेळ शिकवते. ताई जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि गावाबाहेर नदीकाठी जो मोकळा माळ आहे त्याच्या मागे लागल्या. तिथे टिटव्या अंडी घालतात, घरटं असं काही बांधत नाहीत, जमिनीवर चार खडे सारून त्यातच घालतात. ताईंना माळ टिटव्यांसाठी हवा होता आणि मला माझ्या संघातल्या मुलींसाठी. मुली तोवर मोठ्या रस्त्याच्या कडेनं धावायच्या. एक दिवस दुधाच्या गाडीनं आमच्या शिडीला उडवलं. शिडी म्हणजे संघातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वेगवान मुलगी. तिचा पाय जोडला गेला, पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नगरपालिकेच्या सभेत मी जे बोलले त्यावर नवरा अजूनही पांघरूण घालत असतो.

शेवटी, तीन वर्षांपूर्वी, माळाचे दोन भाग झाले. पुढचा मैदानाला मिळाला. मागच्याला तारेचं कुंपण पडलं. तिथे मुलांनी खेळायचं नाही, गुरांनी चरायचं नाही, कुणी फिरायला जायचं नाही. देखरेखीला समिती आणि समितीच्या अध्यक्ष ताई. एक अटही होती, ती ताईंनीच हट्टानं घातली होती. मैदानात कुठे टिटवीची अंडी सापडली, तर पिल्लं उडेपर्यंत मैदान बंद. मी हसत हसत मान्य केली. जिथे सकाळ-संध्याकाळ मुलींची फौज धावते तिथे अंडी घालायला टिटवीचं काय डोकं फिरलंय?

फिरलं होतं.

शनिवारी सकाळी लवकर, मुली यायच्या आधी, मी पुसट झालेल्या रेघांवर नवी फक्की मारत होते. नदीकडच्या वळणावर, तिसऱ्या लेनमध्ये, गाडीच्या चाकापुढे चार खडे दिसले. मी खाली वाकले आणि टिटवी कुठून तरी उठून डोक्यावर घिरट्या घालत बोंबलायला लागली. खडे नव्हतेच ते. मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी, टोकं आत करून नीट मांडलेली.

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. एका पायाचं काम होतं, आणि हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. मुली परत त्या रस्त्यावर जातील, शिडी दुधाच्या गाडीच्या बाजूनं धावेल, आणि मी शिट्टी तोंडात धरून दर हॉर्नला दचकेन, हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. तरी पाय उचलला नाही. मला टिटव्यांचं काही विशेष प्रेम नाही. पण अंडी ज्या नीटपणे मांडली होती ना, त्यापुढे माझं काही चालेना. मी गाडी वळवली आणि घरी आले. कुणाला काही सांगायचं नाही एवढंच ठरवलं.

स्वयंपाकघरात ताई मटार सोलत बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. महिनाभर त्या वरच्या खिडकीतून दुर्बीण लावून कुंपणातल्या गवताकडे बघत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. यंदा आत एकही टिटवी बसलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. मग शेंगेतला दाणा बोटानं ढकलत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी समितीत मला सांगावं लागेल. मुलींच्या वर्दळीनं पक्षी गेले. मैदान हलवायला हवं."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बोलले तर मैदान बंद, मूग गिळून बसले तर मैदानच जाणार. नवरा चहाचा कप घेऊन हळूच दाराकडे सरकला. त्याला माझा चेहरा कळतो.

"तुमच्या टिटव्या कुठे गेल्यात ते दाखवते," मी म्हणाले. "चपला घाला."

मैदानावर पोचल्यावर मी वळण दाखवलं. ताई वाकून बघत राहिल्या. टिटवी त्यांच्या केसांना पंख लागेल इतकी खाली येत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. पण त्यांनी मान वर केली आणि मला तो विनोद करवेना. त्या कुंपणाकडे बघत होत्या. आत गवत कमरेपर्यंत आलं होतं.

"तिला उघडी जमीन लागते," त्या म्हणाल्या. "चारी बाजूंचं दिसायला हवं. हे मी वर्गात शिकवलंय गं. आणि गवत ज्यांच्या पायांनी बसायचं, त्या सगळ्यांना मीच बाहेर काढलं."

मला वाईट वाटलं. तीन वर्षं त्यांच्याशी भांडताना त्या हरलेल्या कशा दिसतील हे मी हौसेनं मनात आणलं होतं, आणि आता बघवत नव्हतं.

तेवढ्यात मुली आल्या. ताई समोर दिसताच फाटकाशीच थबकल्या. अट त्यांनाही पाठ होती. शिडीनं अंडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे परत रस्त्यावर?"

मी ताईंकडे बघितलं. उत्तर ताईंनी द्यायचं होतं. त्यांनी पदर खोचला, पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, "रोज धावता तशा धावा. तिसरी लेन सोडून."

मुली धावायला लागल्या. पहिली फेरी वळणावर आली. टिटवी ओरडत होती खरी, पण मुलींवर नाही. मुली जवळून धडधडत गेल्या तरी तिनं मान वळवली नाही. ती ताईंवर ओरडत होती. ताई दोन पावलं मागे सरकल्या की ती तेवढीच पुढे. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मघाशी गाडी थांबवून मी वाकले तेव्हाच ती उठली होती. इतके दिवस याच मुली आतल्या दोन लेनमधून तिच्या शेजारून जात होत्या, आणि तिनं एकदाही आवाज केला नव्हता, नाहीतर मला कळलंच असतं.

हे ताईंना माझ्या आधी समजलं होतं. "जो थांबून बघतो त्याची तिला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर थांबून बघतच आले."

त्या मैदानाबाहेर चालत गेल्या, रस्त्यापलीकडे दगडावर वळणाकडे पाठ करून बसल्या. पुढच्या फेरीला टिटवी खाली उतरली, इकडेतिकडे तुरुतुरु धावली आणि अंड्यांवर बसली. शिडी तिच्या बाजूनं गेली तरी हलली नाही.

सोमवारी ताईंनी समितीत सांगितलं की अट त्यांची होती आणि ती चुकली. कुंपणाला एक वाट ठेवा, गुरं आणि मुलं आत जाऊ देत, असंही म्हणाल्या. तीन वर्षं त्यांना घाबरून असलेल्या सभासदांनी हात धुऊन घेतले. त्यांच्या तोंडावर हसले, टोमणे मारले आणि मग मान्य केलं. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. मी वर ताट नेलं, तर म्हणाल्या, मैदानाचं झालं ना, मग बस. वळणावर मी रेघ बाहेरून फिरवून घेतली. माझ्या आयुष्यातली ती पहिली वाकडी रेघ.

मग शाळेला आठ दिवसांची सुट्टी लागली आणि मुली पांगल्या. अंडी अजून फुटायची होती. पहिल्याच दिवशी मी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं, तर दारावर थाप पडली. ताई उभ्या होत्या, पायात माझ्या नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट, नाड्या दोनदा गुंडाळून बांधलेल्या.

"मुली कुठायत?" त्यांनी विचारलं.

सुट्टी आहे, मी म्हणाले.

"सवय मोडली तर मुली परत येतील तेव्हा ती उठून जाईल. चल, आपण दोघी जाऊ."

ताईंचं वय आणि गुडघे बघता आम्ही धावलो असं म्हणता येणार नाही. भरभर चाललो. ताईंची नजर पूर्ण वेळ फक्कीच्या रेघेवर होती. दुर्बीण घरी ठेवली होती. वळण जवळ आलं तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही रेघेबरोबर वळलो, पलीकडे गेलो, चालत राहिलो. कुठे काही आवाज झाला नाही.

"बसलीये का गं ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसलीये," मी म्हणाले.

मीही बघितलं नव्हतं.